अनधिकृत एफ

गिटारच्या पहिल्या पडद्यावर डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं टाकायचं, त्या एका बोटाने सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या, उरलेली तीन बोटं त्याच्यापुढे वेड्यावाकड्या जागी टेकवायची, आणि हे सगळं करताना चेहरा आनंदात असल्यासारखा ठेवायचा, ही कल्पना ज्या कोणाला सुचली तो माणूस नोटीसरावांना एकदा भेटायला हवा होता. नोटीसरावांनी त्याचं काय केलं असतं ते इथे छापता येणार नाही. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेला सुरांचा गुच्छ; आडव्या बोटाच्या या प्रकाराला बार कॉर्ड म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात खडूस म्हणजे एफ. बाकीचे कॉर्ड चुकले तर निदान बेसूर वाजतात. एफ चुकला की वाजतच नाही. ओल्या पोत्यावर हात मारावा तसं नुसतं 'थप' होतं.

नोटीसराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते पालिकेच्या अनधिकृत बांधकाम विभागात होते. कोणी गॅलरी आत घेतली, कोणी गच्चीवर पत्रे टाकले, कोणी जिन्याखाली दुकान थाटलं, की त्याच्या दारावर यांच्या सहीची नोटीस चिकटलीच. सगळी हयात त्यांनी लोकांना थांबवण्यात घालवली होती, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. म्हणून तर मेहुण्याचं ते वाक्य एवढं वर्मी लागलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. याला दरवर्षी नवा छंद लागतो आणि दरवर्षी तो सुटतो. सुटलेल्या छंदाचं सामान तो बहिणीच्या घरी आणून टाकतो, कारण "दाजी, तुमच्याकडे जागा आहे." नोटीसरावांच्या कपाटावर त्याची दुर्बीण होती, पलंगाखाली त्याचं कुंभाराचं चाक होतं, आणि दाराआड त्याची स्पॅनिश पद्धतीची फ्लेमेंको गिटार होती. तर असा हा माणूस, रविवारी बहिणीच्या हातचं चापून जेवल्यावर, बडीशेप चघळत म्हणाला,

"दाजी, राग मानू नका, पण एक विचारतो. तुम्ही जन्मभर लोकांची बांधकामं अडवलीत. स्वतः काय पूर्ण केलंत?"

यावर नोटीसराव काहीतरी सणसणीत बोलणार होते. तेवढ्यात बायको हसली. मोठ्याने नाही. तोंडावर पदर धरून, ताटं उचलता उचलता, सहज. मेहुण्याचं बोलणं नोटीसराव संध्याकाळपर्यंत विसरले असते. असली माणसं त्यांना कचेरीत रोज भेटत. पण ते हसू त्यांना काही केल्या विसरता येईना. इतकी वर्षं आपण जिच्याबरोबर संसार केला तिलाही हेच वाटत होतं की काय? त्यांनी तरातरा जाऊन दाराआडची गिटार ओढून काढली. तिच्याबरोबर दोन छत्र्या आणि एक केरसुणीही आली.

"ही वाजवून दाखवतो," ते म्हणाले.

"दाजी, ती बार कॉर्डवर अडते. एफ मलाच जमला नाही. माझी बोटं बघा केवढी लांब आहेत. तुमची तर शिक्के मारून मारून आखूड झाली आहेत."

"एफच वाजवतो. सहाही तारा स्वच्छ. तुझ्यासमोर आणि तुझ्या बहिणीसमोर."

शिकवणारा गिटारमास्तर एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. अंगाने काडी, आणि उजव्या हाताची नखं मात्र अशी जपलेली की चहाचा कपसुद्धा तो डाव्या हाताने धरायचा. त्याने समजावलं की फ्लेमेंकोत नुसत्या तारा छेडत नाहीत, मधूनमधून बोटांनी गिटारच्या अंगावर ठोकतातही; त्यासाठी तिच्यावर एक पारदर्शक पट्टी मुद्दाम चिकटवलेली असते. ठोकण्याचा भाग नोटीसरावांना तत्काळ आवडला आणि लगेच जमलाही. अडलं ते पुढे.

"काका, आधी सोपे कॉर्ड घेऊ. एफ मागाहून."

"मला दुसरा कुठला नको. एफ."

"निदान कॅपो लावू या. हा चिमटा बघा, गिटारच्या मानेवर बसवला की पहिल्या बोटाचं काम हा करतो. फ्लेमेंकोवाले मोठमोठे लोकसुद्धा सर्रास वापरतात."

"बाहेरून टेकू लावून उभ्या केलेल्या भिंती आम्ही पाडतो," नोटीसराव म्हणाले. "टेकू नको."

मास्तरने कपाळावर हात मारून घेतला. नखं सांभाळून, तळव्याने. मग त्याने सांगितलं की दाबू नका. कोपर सैल सोडा, हाताचं वजन आपोआप तारांवर येऊ द्या, बोट किंचित कडेवर झुकवा, अंगठ्याने मागून गळा आवळू नका. आता तुम्हीच सांगा, दाबायचं नाही तर तार दबणार कशी? नोटीसरावांना वाटलं हा माणूस फीसाठी शिकवणी लांबवतो आहे. कारण त्यांचा सगळा अनुभव याच्या उलट होता. दाबल्याशिवाय जगात एक गोष्ट हलत नाही. त्यांनी दाबलं. दातओठ खाऊन दाबलं. थप.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला खुर्ची लावून सराव सुरू झाला. स्वयंपाकघर अशासाठी, की दिवाणखान्यात बायकोची मालिका चालू असे आणि तिने आवाज कमी करायला साफ नकार दिला होता. आधी ठक ठक ठक, मग एफ, मग थप, मग नोटीसरावांच्या तोंडून एक शिवी, आणि पुन्हा ठक ठक ठक. शिव्या कचेरीत देता येत नसल्यामुळे त्यांच्याजवळ बऱ्याच साठल्या होत्या.

बोट सुजलं, आणि इमारतीत बातमी पसरली. आपल्या लोकांना दुसऱ्याचं सुजलेलं बोट दिसलं की कुठून एवढं ज्ञान सुचतं कोण जाणे. समोरच्या ब्लॉकमधल्या व्यायामशाळावाल्याने रबरी चेंडू दिला आणि दिवसभर आवळत राहायला सांगितलं. नोटीसराव तो कचेरीत आवळू लागले. समोर एखादा गयावया करतो आहे, साहेब, पावसाचं पाणी आत येतं म्हणून पत्रा टाकला हो, आणि टेबलामागे साहेब त्याच्याकडे रोखून बघत मुठीत काहीतरी चिरडताहेत. दोघांनी स्वतःहून पत्रे काढून टाकले. पालिकेचा फायदा झाला. एफ होता तिथेच राहिला.

खरा घात केला तो सोसायटीच्या सेक्रेटरीने. याचं लोखंडी सामानाचं दुकान. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे तारेचा उपाय असतो. जिन्यात गाठून तो म्हणाला, "तुमचं चुकतंय कुठे ते सांगू? तारा नायलॉनच्या आहेत. नायलॉन म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. तिच्यातून काय सूर निघणार? स्टीलच्या टाका. बारीक असतात, पटकन दबतात."

हे मात्र नोटीसरावांना पटलं. न पटण्यासारखं त्यात आहेही काय! मास्तरला विचारायचं त्यांनी टाळलं, कारण तो पुन्हा कोपर सैल सोडायला सांगेल. त्यांनी स्टीलच्या तारा आणल्या, स्वतः बसवल्या, आणि अस्सल सूर लागेपर्यंत खुंट्या पिळत गेले. फ्लेमेंको गिटारचं लाकूड पातळ असतं, ते नायलॉनच्याच ताणासाठी बनवलेलं असतं, ही माहिती त्यांना गिटारनेच दिली. तारा जिथे बांधतात ती ब्रिजची लाकडी पट्टी मुळासकट उखडून धाडकन त्यांच्या कानाजवळून गेली आणि भिंतीवरच्या भांड्यांच्या मांडणीवर आदळली. मांडणीने मग आपलं काम केलं. तिच्यावर स्टीलची भांडी होती, आणि ती दाणदाण करत फरशीवर आली.

मालिका सोडून बायको धावत आली. तिने आधी भांडी बघितली, मग नवरा.

"लागलं का?"

"नाही."

"मग हसू का?"

"नको," नोटीसराव म्हणाले. ती खरंच हसली नाही, पण तिने विचारलं हेच त्यांना जास्त झोंबलं.

मास्तरने गिटार दुरुस्त करून दिली, पण ती पोटाशी धरून त्याने जे तोंडसुख घेतलं ते नोटीसरावांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. लोकांनी त्यांच्यापुढे मान खाली घालायची ही आजवरची रीत. "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दाबू नका, ताणू नका," मास्तर ओरडत होता. "तुम्हाला राग आहे तो राग या बिचारीवर का काढता?"

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण खालच्या मजल्यावर एक निवृत्त भूगोल मास्तर राहायचे. कान तिखट, वेळ भरपूर. ते कितीतरी दिवस छताकडे कान लावून बसले होते आणि त्यांनी निष्कर्ष काढला होता. रोज ठराविक वेळी ठकठक होते. मग धप्प होतं. मग कोणीतरी कोणाला तरी गलिच्छ शिव्या देतं. याचा अर्थ उघड आहे: वर मजूर भिंत फोडताहेत आणि मुकादम त्यांना शिव्या घालतो आहे. धाडकन आवाज आल्यावर तर त्यांची खात्रीच झाली की आज तुळई गेली. त्यांनी सरळ पालिकेत तक्रार ठोकली, आणि नोटीसरावांच्या दारावर नोटीस लागली. त्यांच्याच विभागाची, त्यांनीच घालून दिलेल्या नमुन्यातली. सही तेवढी हाताखालच्या कनिष्ठाची होती. स्वयंपाकघरातील भिंत विनापरवाना तोडल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.

नोटीसरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक कचेरीत कनिष्ठाच्या टेबलापाशी गेले. कनिष्ठाने मान वर केली, ओळखीचं हसला, आणि रांगेकडे बोट दाखवलं.

"साहेब, नागरिक म्हणून आलात ना? मग रांगेतून."

नोटीसराव स्वतःच्या विभागात, स्वतःच्या खुर्चीकडे बघत, एका पत्रेवाल्याच्या मागे उभे राहिले. पत्रेवाल्याने त्यांना ओळखलं आणि फार समाधानाने पुढे सरकून जागा करून दिली. नंबर आल्यावर त्यांनी सांगितलं की भिंत नाही, गिटार आहे.

"असेल साहेब. पण तोंडी खुलासा ग्राह्य धरायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"अरे, गिटार वाजवतो मी!"

"तक्रारदार म्हणतात सूर एकदाही ऐकू आला नाही. नुसता ठोकण्याचा आवाज. गिटार असेल तर सूर कुठे आहे?"

हा प्रश्न भर रांगेत, लोकांसमोर! नोटीसरावांचा चेहरा लाल झाला. मागून कोणीतरी खाकरलं.

"जागेवर पाहणी करतो," कनिष्ठ म्हणाला. "वाजवून दाखवा, प्रकरण बंद करतो. नाहीतर भिंतीचं प्लास्टर उकरून बघावं लागेल. आणि आपलाच कर्मचारी आहे म्हटल्यावर साहेब, विभागीय चौकशी तर लागणारच. मी काय करू? नियम तुमचेच आहेत."

घरी येऊन नोटीसरावांनी सगळ्या जगाला शिव्या दिल्या. भूगोल मास्तरांना, सेक्रेटरीला, कनिष्ठाला, त्याला नोकरीला घेणाऱ्यांना, आणि ज्याने ही गिटार या घरात आणली त्याला तर खास. सोपा कॉर्ड एकही येत नव्हता. हट्टाने फक्त एफ धरला होता. तोही येत नव्हता. म्हणजे आता नोकरीची अब्रू त्या एका आडव्या बोटावर येऊन टेकली.

"त्या गिटारमास्तरालाच बोलवा ना पाहणीला," बायको म्हणाली. "तो वाजवेल."

"आवाज माझ्या घरातला आहे. मीच वाजवणार."

"बरं," ती म्हणाली आणि फोनवर भावाला सगळं सांगायला गेली. बायकांच्या पोटात काही राहत नाही असं नोटीसरावांचं मत होतं; ते त्या दिवशी पक्कं झालं.

पाहणीच्या दिवशी स्वयंपाकघरात जत्रा भरली. कनिष्ठ मोजायची टेप आणि हातोडी घेऊन आला. भूगोल मास्तर काठी टेकत वर आले आणि खुर्ची मागून बसले. सेक्रेटरी सोसायटीतर्फे आला, आणि गिटारला पुन्हा नायलॉन बघून त्याने नापसंतीने मान हलवली. मेहुणा कोणी बोलावलं नसताना आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, चहा टाक. वेळ लागेल."

नोटीसराव खुर्चीत बसले. गिटार मांडीवर घेतली. बोट आडवं टाकलं, उरलेली तीन जागेवर रोवली, अंगठ्याने मागून जीव खाऊन दाबलं, आणि छेडलं.

थप.

ओट्यावर चहाचं आधण उकळत होतं. मग मेहुणा अगदी हळू, अगदी प्रेमाने म्हणाला, "सोडा दाजी. मीही सोडली होती." आणि कनिष्ठाने हातोडी उचलून भिंतीपाशी जात विचारलं, "साहेब, कुठून उकरू?"

नोटीसरावांचा बांध फुटला. उजव्या हाताचं बोट कनिष्ठाच्या नाकासमोर नाचवत ते कडाडले, "हात लावून बघ भिंतीला! तुला मी शिकवलं. समोरच्या इमारतीवर विनापरवाना अख्खा मजला उभा राहिला तेव्हा कुठे होता तुझा नियम? आणि तुम्ही हो मास्तर! एकदा वर येऊन विचारता येत नव्हतं? जिना चढायला होत नाही आणि पालिकेपर्यंत जायला होतं? आणि तू," बोट मेहुण्याकडे वळलं, "तू सोडलीस म्हणून मी सोडू? माझ्या घराची वखार केलीस, माझंच खाऊन मलाच विचारतोस काय पूर्ण केलंत? ही पूर्ण करणार! जन्म गेला तरी करणार! चौकशी लावा, पगार कापा, भिंत पाडा, मी इथेच बसून वाजवणार!"

आणि बोलण्याच्या तिरीमिरीत त्यांनी उजवा हात खाली आणून तारांवर दाणकन फिरवला.

एफ वाजला.

सहाच्या सहा तारा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, स्वच्छ, भरदार. सगळी भांडी बारीक थरथरली आणि आवाज स्वयंपाकघरात घुमत राहिला. नोटीसराव सगळा राग उजव्या हाताने आणि तोंडाने काढत असताना डाव्या हाताकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, त्यांचंही नाही. कोपर बिचारं सैल लोंबत होतं, बोट आपलं आपण कडेवर झुकलं होतं. अनेक महिन्यांत पहिल्यांदा त्या हाताला कोणी दाबायला सांगितलं नव्हतं.

नोटीसराव पुतळ्यासारखे बसून राहिले. श्वास घेतला तर आवाज जाईल असं त्यांना वाटलं. त्यांना एवढा आनंद झाला की तो रागासारखाच डोक्यात चढला.

"हा तो आवाज नव्हे," भूगोल मास्तर काठी आपटून म्हणाले. "माझी तक्रार या आवाजाची नाहीच. हा तर चांगला आहे."

"मग तुमचा आवाज कुठला?" कनिष्ठाने विचारलं. "साहेब, पुन्हा वाजवा."

नोटीसरावांनी पुन्हा वाजवला. या वेळी अर्थातच जपून, नीट, मन लावून, दाबून. थप. पाठोपाठ सवयीने शिवी आली.

"हाच!" मास्तर खुर्चीतून उठले. "हाच तो! आणि हाच मुकादम!"

कनिष्ठाने हातोडी पिशवीत टाकली. वाद्य आहे हे एका आवाजाने सिद्ध झालं होतं, आणि तक्रारीतली ठोकाठोक याच वाद्याची हे दुसऱ्याने. प्रकरण बंद. जाताना तो नोटीसरावांच्या पाया पडायला वाकला. नोटीसरावांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सेक्रेटरी, आपल्या तारा असत्या तर याहून खणखणीत वाजलं असतं, असं सांगत गेला. भूगोल मास्तर चहा पिऊन गेले.

मेहुणा मात्र ओट्याला टेकून तसाच उभा होता. त्याच्या हातातला चहा निवला होता. इतर सगळ्यांनी एक आवाज ऐकला होता; त्या आवाजासाठी किती झटापट करावी लागते ते त्या खोलीत नोटीसरावांखेरीज त्यालाच ठाऊक होतं. तो स्वतःच्या लांब बोटांकडे बघत होता. मग जवळ आला, आणि त्याच्या आवाजात थट्टा औषधालाही नव्हती.

"दाजी," तो म्हणाला, "मगाशी अंगठा कुठे ठेवला होतात?"

नोटीसरावांना याची सुतराम कल्पना नव्हती. अंगठा कुठे होता, कोपर कुठे होतं, कुठल्या शिवीपाशी काय सैल झालं, देव जाणे. पुन्हा कधी जमेल याचीही खात्री नव्हती. त्यांनी गिटार सावकाश मांडीवरून काढून भिंतीला टेकवली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि कचेरीतल्या खुर्चीत बसावं तसे ताठ बसले.

"लेखी अर्ज कर," ते म्हणाले. "रांगेतून ये. बघू."

बायको हसली. पदर तोंडाला लावायचं तिला सुचलं नाही. ओटा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली, आणि भावाच्या हातातला निवलेला चहा काढून घेत तिने आधी नवऱ्यासाठी ताजा कप ओतला.